वहिनीचं बुजगावणं

माडवलीत कुणी दुसऱ्याचं म्हणणं मुरडून लिहिलं, की त्या दुसऱ्याचं बुजगावणं लिहिणाऱ्याच्या घरी राहायला येतं. कुंदा देवरुखकरांकडे ते मंगळवारी सकाळी आलं, दूधवाला नुकताच येऊन गेला होता.

कडी वाजली म्हणून कुंदाताईंनी दार उघडलं, तर बाहेर त्यांच्या वहिनीचं, रजनीचं बुजगावणं उभं. डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर खडूनं काढलेला चष्मा, गोणपाटाच्या अंगावर फिकट जांभळी साडी. रजनी नेसते तशीच, पदर जरा आखूड. हाताच्या टोकांतून पेंढा बाहेर डोकावत होता.

"पुस्तकं म्हणजे रद्दी," बुजगावणं म्हणालं. "वाचनालय मोडून टाका."

"आत या," कुंदाताई म्हणाल्या. बुजगावण्याला दारात ताटकळत ठेवलं तर शेजारी बघतात.

गावाला या गोष्टीची सवय आहे. माडवलीच्या शेतकऱ्यांना वेगळी बुजगावणी करावीच लागत नाहीत. घरांतून सुटलेली आपसूक शेताकडे जातात आणि निवडणुकीच्या वर्षी तर भाताला पाखरू शिवत नाही. लिहिण्यातल्या बाकीच्या खोटींचंही तसंच आहे. बाजारपेठेतल्या एका दुकानदारानं पाटीवर ‘सगळं गाव इथेच येतं, तुम्हीही या’ असं लिहिलं, तेव्हापासून रोज सकाळी एक मेंढरांचा कळप त्याच्या पायरीशी येऊन बसतो. तो त्यांना हाकलत नाही. पाटीही बदलत नाही.

कुंदाताईंना हे सगळं इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. शाळेत त्यांनी हयातभर मराठी शिकवलं, वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार केली, ढाली आणल्या. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळभर बसायचं आणि गावातली पत्रकं, जाहिराती, वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं पेन्सिल घेऊन वाचायची, हा त्यांचा नेम होता. इथे मुद्दा सोडून माणसावर घसरला. इथे आधी पाऊस आला नि नंतर भाव वाढले, म्हणून पावसानंच वाढवले म्हणतोय. त्यांची पेन्सिल चुकत नसे. आपल्याच पत्रकावर ती फिरवायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

ते पत्रक त्यांनी सोमवारी काढलं होतं. वाचनालयाच्या वार्षिक सभेत रजनी मागणी मांडणार होती, की हॉल दुपारचा म्हाताऱ्या माणसांना बसायला द्यावा. त्याला उत्तर म्हणून कुंदाताईंनी लिहिलं: ‘रजनीबाईंना पुस्तकांचा तिटकारा आहे. वाचनालय मोडून तिथे गप्पांचा अड्डा करायचा, हाच त्यांचा हेतू. आज कॅरम येईल, उद्या पत्ते, परवा जुगार. ज्यांना सूचनाफलकावर चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत, त्यांनी वाचनालयाला दिशा दाखवू नये. एक तर चहा, नाही तर पुस्तक. माडवलीकरांनी ठरवावं.’

छापून आल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांना ते चांगलं वाटलं होतं.

आता मंगळवारी सकाळी बुजगावण्याला कोचावर बसवून त्या बाहेर डोकावल्या, तर घराच्या पायऱ्यांना हिरवंगार शेवाळ धरलेलं होतं. आज, उद्या, परवा असं लिहीत खाली घसरत गेलं, की हेच होतं. उंबऱ्याशी चिखल साचला होता. तो अक्षराबद्दलच्या ओळीचा. त्या आत आल्या, मन शांत करायला पुस्तक उघडलं आणि चहाला आधण ठेवायला गेल्या. गॅस पेटेना. पुस्तक मिटून ठेवलं, पेटला. पुन्हा उघडलं, विझला.

"एक तर चहा, नाही तर पुस्तक," कुंदाताई स्वतःशीच पुटपुटल्या.

"वाचनालय मोडून टाका," कोचावरून आवाज आला.

*

बुजगावणं आलं की नगरपालिकेत कळवावं लागतं. पालिकेनं फार पूर्वी एक सूचना काढली होती, ‘पाणीपट्टी भरणे आवश्यक आहे, कारण ती भरावीच लागते.’ तेव्हापासून तिथला जिना चढून गेलं, की माणूस पुन्हा तळमजल्यावरच निघतो. म्हणून नोंदणीचं टेबल जिन्याखालीच मांडलेलं आहे. तिथे सदानंद दळवी बसतात.

"कुणाचं आलं?" दळवींनी विचारलं.

"माझ्या वहिनीचं. सख्ख्या भावाची बायको."

"भाऊ?"

"दादा जाऊन तीन वर्षं झाली."

दळवींनी मान हलवली. "काय म्हणतं?"

"पुस्तकं म्हणजे रद्दी म्हणतं. वाचनालय मोडा म्हणतं."

"आणि वहिनी असं म्हणाल्या होत्या?"

"तिचा रोख तोच होता."

दळवींनी पेन खाली ठेवलं. "रोख नको बाई. शब्द सांगा."

कुंदाताई आठवू लागल्या. कार्यकारिणीच्या बैठकीत रजनी उभी राहिली होती. नेहमीसारखी समोरच्याच्या तोंडाकडे न बघता, कुठेतरी बाजूला बघत. अलीकडे तिची ही सवय कुंदाताईंना फार लागायची. बोलतो त्याच्याकडे धड बघूही नये, एवढं काय? रजनी म्हणाली होती, "दुपारी हॉल रिकामाच असतो, तर..." आणि त्या ‘तर’वर कुंदाताई उठून उभ्या राहिल्या होत्या. पुढचं सगळं त्याच बोलल्या होत्या.

"शब्द नाही आठवत," त्या म्हणाल्या.

"हरकत नाही. कोरड्या जागी ठेवा. नात्यातली बुजगावणी लवकर भिजतात. जाळायचं नाही, विहिरीत टाकायचं नाही, दुसऱ्याच्या दारात सोडून यायचं नाही."

"जाईल कधी?"

"तुम्ही वहिनींचं म्हणणं असं लिहायचं, की ते ऐकून त्यांनी म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ त्या म्हणाल्या, की ते चालू लागतं."

"आणि मला ते म्हणणं पटलं नाही तर?"

"पटायची अट नाही बाई," दळवी म्हणाले. "पटायची अट असती तर गावात चालायला जागा उरली नसती."

*

सुरुवातीचे दिवस, खरं सांगायचं तर, कुंदाताईंना बरे गेले. रजनीशी त्यांचे वाद आजचे नव्हते. रजनी लग्न होऊन आली तेव्हा कुंदाताई कॉलेजात होत्या. पुढे त्यांनी लग्न केलं नाही आणि दोघी एकाच घरात, एकाच ओट्याशी, तीस वर्षं वाद घालत राहिल्या. निवृत्तीनंतर कुंदाताईंनी वाचनालयाजवळ हे छोटं घर घेतलं, तरी रोज संध्याकाळी त्या वाद घालायला भावाच्या घरी जातच. दादा मध्ये पेपर धरून बसायचा. रजनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिला ऐकायची सवय. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच शब्द म्हणायची, "मग?" त्या ‘मग’पुढे कुंदाताईंच्या कितीतरी चांगल्या युक्तिवादांनी मान टाकली होती.

बुजगावणं ‘मग’ म्हणत नव्हतं. कुंदाताई समोर खुर्ची ओढून बसायच्या आणि पुस्तकांचं महत्त्व सांगायच्या. बुजगावणं म्हणायचं, "पुस्तकं म्हणजे रद्दी." कुंदाताई त्याचा मुद्दा खोडून काढायच्या. तो पुन्हा उभा राहायचा, त्या पुन्हा खोडायच्या. जेवणापूर्वी एकदा आणि जेवणानंतर एकदा त्या जिंकायच्या.

मग एका दुपारी त्यांनी आमसुलाचं सार केलं आणि सवयीनं दोन वाट्या घेतल्या. एक बुजगावण्यापुढे ठेवली. रजनी असती तर पहिल्या घोटालाच म्हणाली असती, "वन्सं, आमसुलं जरा कमी चालली असती," आणि मग वाटी पुन्हा भरून घेतली असती. बुजगावणं काहीच बोललं नाही. साराचा विषय पत्रकात नव्हता. वाटी तशीच गार झाली.

कुंदाताईंनी ती उचलून मोरीत ओतली. अंगणाकडे बघितलं. कुंपणाच्या भिंतीवर त्या रोज कावळ्यासाठी भात ठेवायच्या. तो तिथेच सुकला होता. बुजगावणं घरात असल्यावर पाखरं कशी येणार? शेजारच्या बायकाही फिरकत नव्हत्या. रजनीला सगळेच ओळखत, आणि कोचावरचं ते गोणपाटाचं ध्यान बघून कुणालाही अवघडल्यासारखं झालं असतं.

त्या कागद घेऊन बसल्या. रजनीचं म्हणणं लिहून काढायला काय लागतं? माणूस ओळखीचं आहे. त्यांनी झरझर लिहिलं: ‘पतीच्या निधनानंतर रजनीबाई एकट्या पडल्या आहेत. त्यांना बोलायला कुणी नाही. म्हणून त्या हॉल मागत आहेत.’ त्यांना ते बऱ्यापैकी उदार वाटलं. पण दार उघडून बघतात तर उंबऱ्याशी चिखल बोटभर वर चढला होता.

पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच्या तीन ओळी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा वाचल्या. रजनी काय म्हणते ते त्यात कुठेच नव्हतं. ती तसं का म्हणत असेल, याचा फक्त तर्क होता. माणसाच्या परिस्थितीकडे बोट दाखवलं, की त्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायला नको. शाळेत त्यांनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं.

कागद फाडून त्या उठल्या. भिंतीला धरत धरत शेवाळाच्या पायऱ्या उतरल्या, चिखलात एक चप्पल रुतली ती तिथेच राहिली, आणि एका पायात चप्पल नि एक पाय अनवाणी अशा त्या भर उन्हात बाजारपेठ ओलांडून रजनीच्या दारात उभ्या राहिल्या.

*

"कोण?" रजनीनं दार उघडून विचारलं. ती कुंदाताईंच्या खांद्यापलीकडे बघत होती.

कुंदाताईंना राग आला. मी समोर उभी आहे आणि ही कोण म्हणून विचारते. "मी," त्या म्हणाल्या.

"वन्सं!" रजनीनं चाचपडत त्यांचा हात धरला. "या, आत या. उन्हाच्या कशा आलात?"

आत आल्यावर कुंदाताई थबकल्या. त्यांच्या नेहमीच्या आरामखुर्चीत एक बुजगावणं बसलेलं होतं. पाठ ताठ, काथ्याचा घट्ट अंबाडा, हातात लाकडी पट्टी. खांद्यावर शाल नीट पांघरलेली, आणि खालची ओल लागू नये म्हणून पायांखाली पाट.

"माणसं नकोत," बुजगावणं म्हणालं. "दार लावून घ्या."

कुंदाताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "हे माझं?"

"तुमचंच. तुमच्याकडच्याच्या मागोमाग आलं, मंगळवारी दुपारी. मी त्या सकाळी वाचनालयाच्या सूचनाफलकावर लिहिलं होतं, ‘कुंदाताईंना माणसं नको आहेत.’"

"पण हे खोटं आहे, रजनी."

"ठाऊक आहे मला. खरं असतं तर हे आलं असतं का?"

कुंदाताई बुजगावण्याकडून रजनीकडे वळल्या.

"त्या बैठकीपासून तुम्ही यायचं बंद केलंत, वन्सं," रजनी म्हणाली. तिनं बुजगावण्याच्या खांद्यावरची शाल बोटांनी चाचपून सारखी केली. "संध्याकाळी त्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं हवं होतं मला. खोटं लिहिल्याशिवाय येत नाही, म्हणून खोटं लिहिलं. एवढं एकच वाक्य. जास्त वाईट लिहवेना."

कुंदाताई खाली, दादाच्या जागेवर बसल्या. त्यांनी विचारलं, "माझं पत्रक वाचलंस?"

"शेजारच्या माईंनी वाचून दाखवलं. एक ओळ त्यांनी गाळली. पण गाळताना अडखळल्या ना, त्यावरून कळलं काहीतरी आहे. मग मी वाचायलाच लावली. अक्षराची."

"तू का नाही वाचलंस?"

रजनी आता त्यांच्या कानाच्या बाजूला बघत होती. "तुमच्याकडे सरळ बघितलं, की तुम्ही दिसतच नाही. मध्ये काळा डाग येतो. कडेचं दिसतं. म्हणून जरा बाजूला बघते, म्हणजे तुम्ही कडेला येता आणि थोड्या दिसता. डॉक्टर म्हणाले, पडदा खराब झालाय, मधलं परत यायचं नाही. वर्ष होत आलं."

वर्ष. त्या वर्षात कितीदा तरी रजनी म्हणाली होती, "वन्सं, जरा पेपर वाचून दाखवा ना," आणि कितीदा तरी कुंदाताई म्हणाल्या होत्या, "स्वतः वाच की. आळस नुसता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. बैठकीतच सांगणार होते सगळ्यांदेखत, म्हणजे एकदाच सांगून झालं असतं. तुम्ही ‘तर’वरच उठलात."

खुर्चीतलं बुजगावणं म्हणालं, "दार लावून घ्या." दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"त्या ‘तर’च्या पुढे काय होतं?" कुंदाताईंनी विचारलं. "मला सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

रजनीनं सांगितलं. सावकाश, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगायची तशा स्वच्छ आवाजात. दुपारी हॉल रिकामा असतो. गावात तिच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत, ज्यांनी आयुष्यभर वाचलं आणि आता डोळे साथ देत नाहीत. ती वाचनालयाची वर्गणी अजून भरतात, पण कपाटापाशी जाऊन काय करणार? त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं. चहा लांबून आलेल्यांसाठी. कॅरमचं नाव तिनं काढलंच नव्हतं. ते बैठकीत दुसरंच कुणीतरी बोललं होतं.

कुंदाताई खरंच मध्ये बोलल्या नाहीत. एकदाच बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. रजनीला ते ऐकू आलं असावं, कारण ती किंचित हसली.

मग त्यांनी कागद मागितला आणि लिहायला बसल्या. रजनी चहा टाकायला आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. कुंदाताईंच्या मांडीवर कागदाखाली टेकायला घेतलेलं एक पुस्तक होतं, आणि लिहिता लिहिता त्यांच्या हातून ते उघडलं गेलं होतं. तरी गॅस चालू होता. चहा दुसऱ्या कुणी केला, की आपण वाचू शकतो, हे त्यांना इतके दिवस सुचलं नव्हतं.

चहा घेताना त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. हॉल दुपारी रिकामा असतो. वर्गणीदारांचा त्यावर हक्क आहे. ज्यांना वाचता येत नाही अशा वर्गणीदारांना आज वर्गणीच्या बदल्यात काहीच मिळत नाही. मोठ्यानं वाचन ठेवल्यास पुस्तकं कपाटाबाहेर येतील. सगळं शिस्तीत होतं, एकाही वाक्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

रजनीनं शेवटपर्यंत ऐकलं. "मग?" ती म्हणाली.

"मग काय?"

"यात माझे डोळे कुठेत?"

"ते मी मुद्दाम गाळले. ‘माझे डोळे गेले, म्हणून हॉल द्या’ असं लिहिलं तर ती दयेची याचना होईल. युक्तिवादात दया आणायची नसते. लोक कळवळून हो म्हणतील आणि मुद्दा बाजूलाच राहील. मला तुझं म्हणणं पक्कं करायचं होतं."

रजनी कप हातात धरून बसली. "वन्सं, हॉल कुणाच्या नावावर करायचा असं लोक विचारत असते आणि मी डोळे पुढे केले असते, तर ती दया. पण इथे विचारतायत काय? मोठ्यानं वाचायची गरज काय म्हणून. तर गरज ही आहे." तिनं चष्मा काढला. "डोळे दयेसाठी नाहीत. डोळे हे कारण आहे."

कुंदाताईंनी पेन्सिल उचलली, आणि तशीच धरून राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी जिथे जिथे कुणी रडलं तिथे तिथे गोल केला होता. त्यातले किती जण खरोखर मुद्दा सोडून रडत होते आणि किती जण मुद्द्यावरच रडत होते, हे आता कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी नवा कागद घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं: ‘मी रजनी देवरुखकर. मला समोरचं दिसत नाही, आणि मला पुस्तकं आवडतात.’ पुढचं त्या मगाचंच लिहीत गेल्या, पण ते आता कुणीतरी बोलतंय असं वाटू लागलं. वाचून दाखवताना शेवटाकडे त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि उरलेलं वाचलं.

"हो," रजनी म्हणाली. "मला हेच म्हणायचं होतं."

*

कुंदाताई घरी पोचल्या तेव्हा बुजगावणं कोचावरून उठून दारात उभं होतं. आता ते काही बोलत नव्हतं. ते जे बोलायचं, ते आता कुणाचंच म्हणणं राहिलं नव्हतं. शेताकडे जायचं म्हणजे वारा लागणार. कुंदाताईंनी त्याच्या बाहीतला सुटलेला पेंढा आत खोचला, पदर खांद्यावर नीट घेतला आणि एक टाचणी लावून दिली.

"जपून जा," त्या म्हणाल्या.

ते पायऱ्या उतरून, चिखलातून, खाडीच्या बाजूच्या भातशेतांकडे चालू लागलं. वळणापर्यंत त्या बघत राहिल्या. चिखल दुसऱ्या दिवशी सुकला. शेवाळ मात्र काथ्यानं घासून काढावं लागलं, आणि तरी मधल्या पायरीवरचं थोडं राहिलंच.

सभा रविवारी झाली. कुंदाताईंनी उभं राहून आधी रजनीचं म्हणणं वाचून दाखवलं, पहिल्या वाक्यापासून. मग कागद खाली ठेवून स्वतःचं सांगितलं: मोठ्यानं वाचन सुरू झालं, की शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलींना त्रास होईल, याचा विचार व्हावा. जुगाराबद्दल काही नव्हतं. लोकांनी दोन्ही ऐकलं आणि हात वर केले. रजनीची मागणी मंजूर झाली. मधलं दार बंद ठेवायचं ठरलं. कुंदाताईंचा हात खालीच होता, कारण त्यांना अजूनही हॉल शांतच राहायला हवा होता.

"छान हरलात, वन्सं," बाहेर पडताना रजनी म्हणाली.

"तुझा मुद्दा मीच चांगला मांडला, म्हणून हरले."

"तेच म्हणतेय मी."

दारात दळवी भेटले. रजनीताईंकडचं अजून तसंच आहे, त्यांनी आठवण केली; कुंदाताईंचं म्हणणं एकदा नीट सांगून टाकलं, तर तेही मार्गी लागेल.

"राहू दे," रजनी म्हणाली. "मला त्याचा त्रास नाही."

दळवींनी कुंदाताईंकडे बघितलं. कुंदाताई म्हणाल्या, "माझीही हरकत नाही. फक्त ती पट्टी काढून घ्या त्याच्या हातातून."

*

वाचून कोण दाखवणार, याची सभेत चर्चाच झाली नव्हती. पहिल्या दुपारी कुंदाताई जेवून आल्या आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडू लागल्या, तेव्हा ते ठरल्यासारखंच झालं.

माणसं येऊ लागली. रजनी आली ती आपल्याकडच्या, कुंदाताईंच्या बुजगावण्याचा हात धरून; घरात एकटं कशाला ठेवायचं, म्हणाली. ते बघून जिन्यात घुटमळत उभे असलेले गोगटे मास्तर पुढे झाले. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलाचं बुजगावणं होतं. मुलगा परगावी नोकरीला गेला त्या साली त्यांनी त्याला रागानं लिहिलं होतं, ‘तुला आईबाप नकोच आहेत.’ तेव्हापासून ते त्यांच्या घरी होतं; आता गोणपाट विरलं होतं, पण शर्टाची इस्त्री ताजी होती. "याला आणलं तर चालेल ना?" मास्तरांनी हळूच विचारलं. चालेल, कुंदाताई म्हणाल्या. फातिमाबी मुकादमांनी थोरल्या बहिणीचं आणलं. कुणी भाडेकरूचं, कुणी जुन्या मैत्रिणीचं. ज्यांच्याकडे कुणाचंच नव्हतं असे फार थोडे निघाले.

बुजगावण्यांना मागच्या रांगेत बसवलं. त्यांची आपापली वाक्यं थोडा वेळ ऐकू आली, "आईबाप नकोत", "भाडं देणार नाही", "मी कुणाची बहीण नाही", आणि मग कुंदाताईंनी पुस्तक उघडलं तशी ती एकेक करून थांबली. एक जुनं प्रवासवर्णन होतं, बोटीनं निघालेल्या कुणा माणसाचं. कुंदाताईंनी घसा साफ केला.

"मागच्या रांगेला ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं.

मागून उत्तर आलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं आणि येतंय म्हणून सांगितलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. बोट बंदरातून सुटली. रजनी पहिल्या रांगेत, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे कुंदाताईंकडे बघत बसली होती.

दुसऱ्या पानावर तिनं हात वर केला.

"वन्सं, पंखा जरा कमी करता का? मागे पेंढा उडतोय."

कुंदाताई उठल्या, पंख्याचं बटण एक घर मागे फिरवलं, आणि जागेवर येऊन पुढची ओळ वाचू लागल्या.